प्रेस म्हणजे नेमकं कुठलं? नोटांचं, पेपरचं, कपड्यांचं की द्राक्षांचं?

जेलरोडकर
मंडळी, गेल्या रविवारी पुण्याहून पाहुणे आले होते. बोलता बोलता मी म्हटलं की आमचे शेजारचे काका प्रेसमधून रिटायर झाले, तर पाहुण्यांचा पहिला प्रश्न, "कोणत्या पेपरात होते?" आता नाशिकरोडला वाढलेल्या माणसाला प्रेस म्हटलं की दुसरं काही सुचतच नाही हो. प्रेस म्हणजे नोटांचं आणि तिकिटांचं, मुलगा प्रेसला लागला म्हणजे स्थळ पक्कं, विषय संपला. मग काका राहिले बाजूला आणि सगळे त्या शब्दालाच लागले. बायको म्हणे कपडे प्रेसला टाकायचेत, चिरंजीव बेंच प्रेसला किती वजन मारतात ते सांगायला लागले, सासूबाईंना ब्लाउजचं प्रेस बटण आठवलं.

तर प्रश्न असा की हा सगळा एकच शब्द आहे की चार वेगळे शब्द एका स्पेलिंगात घुसलेत? आणि पत्रकारांना प्रेस का म्हणायचं, त्यांचा दाबण्याशी काय संबंध? (बातमी दाबण्याचा जोक मारून झालाय असं समजून पुढे लिहा.)

टवाळ_टाळकं
स्वतः जोक मारायचा आणि वर आम्हाला बंदी. निषेध.

गोदाकाठची
एक दुरुस्ती, नाशिकमधे प्रेस एक नाही. नाशिकरोडला दोन, इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि करन्सी नोट प्रेस, आणि तिसरं आमचं गांधीनगर प्रेस, म्हणजे भारत सरकारचं मुद्रणालय. २०१७ मधे केंद्राने देशभरातली सतरा सरकारी मुद्रणालयं पाचात विलीन करायचं ठरवलं त्या पाचात नाशिक राहिलं. त्यामुळे गांधीनगरात प्रेसवाले म्हटलं की नोटा छापणारे नव्हे, फॉर्म आणि रजिस्टरं छापणारे. लग्नाच्या बाजारात हा फरक फार बारकाईने बघितला जायचा 😄

इति_आजोबा
जेलरोडकर, शब्द जवळजवळ सगळीकडे एकच आहे, एक चोर सोडून, त्याच्याकडे नंतर येतो.

मूळ लॅटिन क्रियापद प्रेमेरे, म्हणजे दाबणे. (प्रेमाशी संबंध नाही, टाळकं यांनी गप्प बसावं.) त्याचंच जरा जोर लावून, पुन्हा पुन्हा करण्याचं रूप प्रेसारे, तिथून फ्रेंच प्रेसे आणि मग इंग्रजी. इंग्रजीत नाम म्हणून हा शब्द आला तेव्हा त्याचा जुना अर्थ होता गर्दी, दाटी, रेटारेटी. यंत्र नंतर. मग कपडे दाबून ठेवायचं, द्राक्षांचा रस काढायचं, अशी जी जी दाबायची साधनं होती ती सगळी प्रेस झाली. छपाई या यादीत बऱ्याच उशिरा आली, पंधराव्या शतकात युरोपात छापखाने निघाल्यावर.

पत्रकारांचं असं की नाव सरकत सरकत त्यांच्यापर्यंत पोचलं. आधी यंत्राला प्रेस, मग ते यंत्र ज्या घरात त्या छापखान्याला प्रेस, मग तिथून निघणाऱ्या कागदांना मिळून प्रेस, आणि शेवटी ते कागद भरणाऱ्या माणसांना प्रेस. आपल्याकडे कसं, घोड्यावर बसणाऱ्या फौजेला लोक घोडदळ सोडून नुसतं "शंभर घोडा आला" म्हणायचे, तसंच.

पंचवटी_पासधारक
गर्दी हा मूळ अर्थ असेल तर तो आजही जिवंत आहे. सकाळी नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेसच्या जनरल डब्यात चढून बघा. एक्सप्रेसमधला प्रेस तिथेच कळतो.

टवाळ_टाळकं
आणि २०२७ ला सिंहस्थात रामकुंडावर अख्खं शहरच प्रेस होणार आहे. कडक इस्त्री.

सातपूरचा_फिटर
कुणी आमचं नावच घेत नाही. सातपूर-अंबडला प्रेस म्हटलं की पॉवर प्रेस. पत्रा कापायचा, वाकवायचा, खेचून वाटीसारखा करायचा, सगळं डाय-पंच लावून प्रेस शॉपमधे. नाशिकमधे गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या जेवढ्या कंपन्या त्यांच्यातल्या निम्म्या पोरांची सुरवात प्रेसवरच होते. मशीन टनावर ओळखतात, शंभर टनाची, अडीचशे टनाची, म्हणजे तेवढा दाब. दोन बटणं लांब लांब असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक पडत नाही, म्हणजे हात आत राहायला नको. कुणी एक बटण टेप लावून दाबून ठेवलं तर सुपरवायझर जे बोलतो ते इथे लिहिता येणार नाही.

आणि आमच्यात ती प्रेस. "ती प्रेस बंद पडली". ते प्रेस कोण म्हणतं?

जेलरोडकर
आम्ही म्हणतो. ते प्रेस. "प्रेस सुटलं" असंच म्हणतात नाशिकरोडला.

गोदाकाठची
गांधीनगरला पण ते प्रेस. मुद्रणालय नपुंसक, म्हणून प्रेस नपुंसक.

सातपूरचा_फिटर
ताई मशीन पण नपुंसक आहे ना, ते मशीन, तरी आमची ती प्रेस.

परीटगल्ली
आणि कपडे प्रेस केले, तिथे लिंगच नाही, भांडण नाही. माझे आजोबा प्रेस हा शब्द वापरायचेच नाहीत, इस्त्री आणि तीही कोळशाची, बिडाची. दुकानाच्या पाटीवर ड्रायक्लीन अँड प्रेस हे वडिलांनी लिहिलं कारण पेंटरने अक्षरावर पैसे लावले होते आणि प्रेस छोटा शब्द.

मग एकदा कुणीतरी खरंच आत येऊन जाहिरात द्यायची आहे म्हणाला.

टवाळ_टाळकं
तुमच्या स्कूटरवर प्रेस लिहिलंय का? टोलला सोडतात का?

परीटगल्ली
हा जोक व्हॉट्सॅपवर फिरून फिरून त्याची घडी मोडलीये. नवीन आणा.

कौटिल्य_मखमलाबाद
जोक जुना असला तरी मुद्दा जिवंत आहे. हल्ली ज्याच्याकडे मोबाईल आणि माइक त्याच्या बाईकवर प्रेस. एक कागद कधी छापला नाही. म्हणजे आजोबांनी सांगितलेला प्रवास अजून एक पाऊल पुढे गेला, आता यंत्र पण नाही आणि कागद पण नाही, नुसता शब्द उरला.

वार्ताहर_निवृत्त
कौटिल्य, थोडं थांबा. मी स्थानिक पेपरात नोकरी केलेला माणूस आहे. आमच्या वेळी खिळे (छपाईची सुटी अक्षरं) जुळवणारे कंपोझिटर होते, शाई हाताला होती आणि मशीन सुरू झालं की वरच्या मजल्यावर टेबल हलायचं. तेव्हा प्रेस शब्दाला वजन होतं हे मान्य. पण बातमी आणणाऱ्याच्या मालकीचं यंत्र हवं हा नियम कधीच नव्हता. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला दर्पण काढलं, आपण तो दिवस पत्रकार दिन म्हणून पाळतो, मुद्रक दिन म्हणून नाही. आणि १८७८ चा व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट आला तेव्हा व्हाइसरॉय लिटनसाहेबाला भीती छापखान्याच्या लोखंडाची नव्हती, देशी भाषेत काय छापून येतंय त्याची होती. जामीन मात्र मुद्रक-प्रकाशकाकडूनच मागायचे आणि ऐकलं नाही तर यंत्र उचलून न्यायचे. माणूस आणि यंत्र एकाच शब्दात का अडकले ते यात दिसतं.

जाता जाता, आमच्या ऑफिसात रोज प्रेस नोट यायच्या. नाशिकरोडहून नवीन लागलेल्या शिपायाला सांगितलं प्रेस नोटांची फाइल आण, तो म्हणाला साहेब त्या आपल्याकडे कशा?

जेलरोडकर
😂😂 नोट प्रेस आणि प्रेस नोट. हे आधी का सुचलं नाही.

बागायतदार_निफाड
आजोबांनी द्राक्षाचं एका ओळीत उरकलं म्हणून लिहितो. मी थोडी बाग वायनरीला देतो. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यॉ ब्लाँ आणि थोडी शिराज. आपली खायची थॉमसन, सोनाका वेगळी, ही वेगळी, मणी बारीक, साल जाड, बी असलेली, तोंडात टाकलं तर मजा नाही.

तिथे प्रेस बघितली (आमच्याकडे पण ती). आडवा मोठा स्टीलचा ड्रम, आत रबरी फुगा, हवा भरली की फुगा माल भिंतीवर हळूहळू दाबतो. पांढऱ्या वाइनला आधी दाबतात मग रस आंबवतात, लाल वाइनला सालीसकट आंबवतात आणि मग दाबतात, कारण रंग सालीत असतो. दाबायच्या आधीच नुसत्या वजनाने जो रस गळतो तो वेगळा काढतात, तो सगळ्यात नाजूक. नंतर दाब वाढवत जातात पण एका मर्यादेपर्यंत, जास्त पिळलं तर बी आणि सालीतला तुरटपणा उतरतो. उरतो तो चोथा, तो खताला.

जुन्या काळात फुगा नव्हता, मोठा लाकडी आट्याचा स्क्रू फिरवून वरून फळी खाली आणायचे. तिथल्या गाईडने सांगितलं की छापखाना त्यातूनच निघाला. खरं का आजोबा?

इति_आजोबा
बागायतदार, खरं आहे, पण गाईड लोक जितक्या ठामपणे सांगतात तितकं नाही. गुटेनबर्ग माइन्त्सचा, ऱ्हाइन नदीकाठचा, तो सगळा द्राक्षाचा मुलूख. त्याचं बायबल १४५५ च्या सुमाराला छापून झालं. त्याच्या हाताची प्रेस आज कुठेच शिल्लक नाही, त्यामुळे कुणाच्या अंगणातला दाबघाणा बघून त्याने बनवली हे कुणी दाखवू शकत नाही. पण स्क्रू फिरवून फळी दाबायची युक्ती रोमन काळापासून वाइनला आणि ऑलिव्हच्या तेलाला वापरात होती, कापड आणि कागद दाबायलाही तीच होती. त्याने नवीन काय केलं तर सुटे धातूचे खिळे ओतायची पद्धत, त्यावर चिकटेल अशी तेलकट शाई, आणि त्यांच्या जोडीला हा ओळखीचा दाब. दाब जुनाच होता.

आपल्याकडे पहिला छापखाना १५५६ मधे गोव्याला उतरला, जेझुइट पाद्र्यांबरोबर. नागरी अक्षरातल्या मराठीला मात्र थांबावं लागलं, विल्यम केरीचं मराठी व्याकरण १८०५ मधे थेट बंगालातल्या श्रीरामपूरला छापलं गेलं.

घाण्याची_सून
दाबघाणा शब्दाला हरकत! आमचा पिढीजात लाकडी घाणा होता. घाण्यात दाबत नाहीत, घाण्यात लाट फिरते आणि उखळात दाणा रगडला जातो. हल्ली सगळे लाकडी घाण्याच्या तेलाच्या बाटलीवर कोल्ड प्रेस लिहितात, ते चूक आहे. प्रेस म्हणजे स्क्रू एक्स्पेलर, लोखंडाचा. आणि तोसुद्धा जोरात चालवला की तापतो, मग कोल्ड कसलं.

बागायतदार_निफाड
ताई पण तेल कमी तापतं हे सांगायचंय ना त्यांना, शब्द चालतो की.

घाण्याची_सून
चालतो म्हणूनच तर विकतात. चारशे रुपयाला.

गोदाकाठची
शेंगदाण्याचं चारशेला मिळतंय? कुठे? विपू (विचारपुशीत निरोप) करा.

संपादक_मंडळ
तेलाच्या भावासाठी वेगळा धागा काढावा ही विनंती. इथे शब्दावर बोला.

प्रेसची_लेक
वाचनमात्र होते, पण आता लिहितेच. माझे बाबा सिक्युरिटी प्रेसला होते. घरी कामाचं अक्षर नाही काढायचे, आई विचारायची आज काय छापलं, बाबा म्हणायचे भात वाढ.

जे सगळ्यांना माहिती असलेलं आहे तेवढंच सांगते. सिक्युरिटी प्रेस १९२५ चं. त्याआधी हिंदुस्थानची तिकिटं लंडनला डी ला रू कंपनी छापायची आणि बोटीने यायची. १९२६ पासून ती नाशिकला छापायला लागले. माझ्याकडे बाबांनी जमवलेला अल्बम आहे त्यात १९२९ ची विमानाची तिकिटं आहेत, हवाई टपालासाठी मुद्दाम काढलेली, आणि १९३१ ची नवी दिल्लीच्या उद्घाटनाची, ती पण नाशिकचीच. नोट प्रेस सिक्युरिटी प्रेसनंतर, १९२८ मधे. नोटांची पहिली होती पंचम जॉर्जची पाच रुपयांची. आता पासपोर्टची पुस्तिका पण इथेच छापतात, म्हणजे जगात कुठेही जा, नाशिकचा कागद खिशात.

आणि प्रेस शब्दाचा मूळ अर्थ दाब, तो नोटेत अजून हाताला लागतो. शंभर किंवा पाचशेची घ्या आणि गांधीजींच्या चित्रावरून, अशोकस्तंभावरून बोट फिरवा. उठावदार लागतं ना? प्लेटवर रेषा कोरलेल्या असतात, शाई त्या खाचांत भरतात, वरची पुसून टाकतात आणि मग कागद इतक्या जोराने दाबतात की तो खाचेत शिरून शाई उचलून आणतो. कागद सुती असतो म्हणून तो मार सहन करतो. शंभरपासून पुढच्या नोटांवर दृष्टिहीनांसाठी ओळखखूण पण अशीच उठावाची असते. साध्या छपाईत हे येत नाही. झेरॉक्सवाल्या खोट्या नोटा पहिल्यांदा बोटालाच कळतात.

सातपूरचा_फिटर
भारी लिहिलंय ताई. म्हणजे तुमची पण आमच्यासारखीच प्रेस, टनावर चालणारी. आता तरी ती प्रेस म्हणा.

प्रेसची_लेक
नाही. ते प्रेस. बाबा प्रेसला जायचे, तिच्याकडे नाही.

टवाळ_टाळकं
आईने बघून घेतलं असतं.

हिशेबनीस_बाबू
आजोबा, तुम्ही एक चोर म्हणाला होतात, तो राहिला. आणि माझी पण एक शंका. आमच्या खात्यात किरकोळ खर्चाला हातात थोडी रोख ठेवतात तिला इम्प्रेस्ट म्हणतात, मराठी आदेशात स्थायी अग्रिम. ऑडिटरला इम्प्रेस करायला ठेवतात म्हणून इम्प्रेस्ट असा आमचा समज.

इति_आजोबा
बाबू, तुम्ही चोराच्या घरचाच पत्ता दिलात.

इंग्रजांच्या आरमारात पूर्वी प्रेस गँग असायची. बंदरावरची धडधाकट माणसं पकडून जबरदस्तीने जहाजावर घालायचे. अमेरिकन जहाजांवरची माणसं सुद्धा उचलायचे, १८१२ च्या इंग्लंड-अमेरिका युद्धाच्या कारणांत हेही एक होतं. आता वाटतं की दाबून नेतात म्हणून प्रेस. पण मुळात तो शब्द प्रेस्ट, शेवटी ट. जुन्या फ्रेंचमधे प्रेस्ट म्हणजे उसने किंवा आगाऊ दिलेले पैसे. सैन्यात किंवा आरमारात नाव घातलं की हातावर आगाऊ रक्कम टेकवायचे, ती घेतली की माणूस बांधला गेला. पुढे पैसे राहिले नावाला, जबरदस्ती वाढली आणि लोकांनी ट सोडून दाबणाऱ्या प्रेसशी सोयरीक लावून दिली. तुमच्या इम्प्रेस्टमधे तोच जुना ट अजून शाबूत आहे, आगाऊ दिलेली रोख! लॅटिनमधे याचं मूळ प्रेस्तारे, दाबण्याशी काही नातं नाही.

हिशेबनीस_बाबू
म्हणजे ऑडिटर इम्प्रेस न होण्याचं कारण व्याकरणात आहे. उद्या सांगतो.

कौटिल्य_मखमलाबाद
मग एम्प्रेस? पुण्याचं एम्प्रेस गार्डन, नागपूरची एम्प्रेस मिल?

इति_आजोबा
नाही. ती सम्राज्ञी, लॅटिन इम्पेरातोर म्हणजे सम्राट, त्याचं जुन्या फ्रेंचमधलं स्त्रीलिंगी रूप घासून घासून एम्प्रेस झालं. एक्सप्रेस मात्र घरचाच, दाबून बाहेर काढलेलं, म्हणून स्पष्ट, मग मुद्दाम एका कामासाठी पाठवलेलं, तसा खास जासूद, तशी खास गाडी. खास गाडी कुठे न थांबता जायची म्हणून वेगवान. एस्प्रेसो कॉफी पण त्याच घरातली, इटलीची. आणि प्रिंट! दिसत नाही पण प्रिंटसुद्धा प्रेमेरेचाच, फ्रेंचमधून वेगळ्या रस्त्याने आलेला.

घाण्याची_सून
प्रेशर कुकर धरला का? आमचा प्रेस्टीजचा आहे, म्हणजे दुप्पट दाब.

इति_आजोबा
कुकरातला प्रेशर घरचा. प्रेस्टीज नाही. तो लॅटिनमधल्या गारुड्याच्या, नजरबंदीच्या खेळाच्या शब्दावरून आला. इंग्रजीत सुरवातीला त्याचा अर्थ हातचलाखी, फसवणूक असाच होता, प्रतिष्ठा वगैरे बरंच नंतर.

टवाळ_टाळकं
प्रतिष्ठा म्हणजे हातचलाखी. सगळ्या गावपुढाऱ्यांना हा धागा पाठवतोय.

डब्लिनची_मावशी
उशिरा आले. इथे आयर्लंडमधे प्रेस म्हणजे कपाट! नवीन आले तेव्हा घरमालकीण म्हणाली कप प्रेसमधे आहेत, मी बिचारी आपल्याकडची सँडविचची प्रेस असते ना ती शोधत बसले. गरम पाण्याच्या टाकीचं कपाट असतं, त्यात टॉवेल ठेवले की ऊबदार राहतात, त्याला हॉट प्रेस. मी माहेरी फोनवर सांगितलं हॉट प्रेसमधे कपडे ठेवलेत, आई म्हणाली जळतील ना गं.

आजोबा हे कुठून आलं?

इति_आजोबा
चादरी-टेबलक्लॉथ घडी करून दाबून ठेवायचं कपाट, तिथून. स्कॉटलंडमधे पण म्हणतात. इंग्लंडात हा अर्थ मागे पडला, तुमच्याकडे टिकला.

जेलरोडकर
म्हणजे हिशेब असा, नोटा, पेपर, इस्त्री, डाय-पंच, द्राक्ष, कपाट, बेंच प्रेस, बटण सगळे सख्खे. प्रेस गँग आणि इम्प्रेस्ट दुसऱ्या घरचे, एम्प्रेस आणि प्रेस्टीजचा नुसता नावाचा भास. बरोबर ना? पाहुण्यांना लिंक पाठवतो.

फक्त ती-ते चं काय ते ठरवा.

वार्ताहर_निवृत्त
ठरणार नाही. आमच्या एकाच ऑफिसात संपादक "ती प्रेस" म्हणायचे आणि मशीनवाले "तो प्रेस", आणि पेपर रोज वेळेवर निघायचा.

नवीन_सदस्य_२२
नमस्कार मी आयटीआय फिटर झालोय मला प्रेसला अप्रेंटिस करायचंय फॉर्म कधी निघतील कुणी सांगेल का

प्रेसची_लेक
केंद्र सरकारच्या अप्रेंटिस पोर्टलवर नाव नोंदवून ठेव, जाहिरात आली की तिथे आणि प्रेसच्या साइटवर दिसते. ट्रेड बघून भर. एजंटला पैसे देऊ नकोस.

सातपूरचा_फिटर
फिटर असशील तर इकडे पण ये, विपू केलाय.

टवाळ_टाळकं
आजोबा, अप्रेंटिसमधे पण प्रे आहे. सख्खा की भास?

इति_आजोबा
भास. तो पकडण्याचा शब्द, फ्रेंचमधे विद्या पकडणे म्हणजे शिकणे, तिथून अप्रेंटिस. फिटर, पोराला नीट शिकवा. मी जेवायला चाललो.